ब्रॅड बर्ड : अ‍ॅनिमेशनला ‘पोरांचं कार्टून’ म्हणू न देणारा दिग्दर्शक

पेन्सिलटोक

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. इथे दिग्दर्शकांवर धागे पुष्कळ निघतात, पण अ‍ॅनिमेशनवाल्यांवर फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून माझ्या सगळ्यात आवडत्या माणसापासून सुरुवात करतो. (पुढे कथानकं उघड होणार आहेत. ज्यांनी चित्रपट पाहिले नसतील त्यांनी आधी पाहून यावं.)

ब्रॅड बर्डचा जन्म 24 सप्टेंबर 1957 चा, अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या कॅलिस्पेल गावचा. वाढला ऑरेगॉनमधल्या कॉर्व्हॅलिसमध्ये. अकरा वर्षांचा असताना डिस्ने स्टुडिओ आतून पाहायला मिळाला, आणि तिथेच त्याने सांगून टाकलं की एक दिवस मी इथे काम करणार. असं बोलणारी मुलं खूप असतात. हा घरी येऊन कामालाच लागला. ससा-कासवाच्या गोष्टीवर पंधरा मिनिटांची फिल्म, एकट्याने, हाताने काढलेली. ती पुरी व्हायला दोनेक वर्षं लागली.

पंधरा मिनिटं म्हणजे काय याचा हिशेब मांडून पाहा. सेकंदाला 24 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी सेकंदाला 12 चित्रं, मिनिटाला 720. पंधरा मिनिटांची दहा हजारांवर जातात. सगळी हालचाल पूर्ण काढली नसेल असं धरलं तरी शाळकरी पोराने हे निभावलं, याचं मला आजही नवल वाटतं.

ती फिल्म डिस्नेत पोचली आणि चौदाव्या वर्षी त्याला मिल्ट काल यांचं मार्गदर्शन मिळालं. ‘जंगल बुक’मधला शेरखान ज्यांनी जिवंत केला ते हे काल. स्वभावाने जहाल, भलेभले त्यांना वचकून असत. पण या मुलाच्या चुका ते शांतपणे, समजावून दाखवत. इथे असं केलंस, पण याच्याऐवजी हे करून पाहिलं तर? बर्डच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ मला इथे दिसतं. कुठलंही चित्र ‘चालून जाईल’ म्हणून सोडायचं नाही, हे त्याच्या अंगात त्या वयात मुरलं.

शाळा 1975 साली संपली. मग डिस्नेच्या शिष्यवृत्तीवर कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स, म्हणजे कॅलआर्ट्स. तिथल्या सोबत्यांची नावं वाचा : जॉन लॅसेटर, टिम बर्टन, जॉन मस्कर, हेन्री सेलिक. सगळे पुढे नावाजलेले दिग्दर्शक. वर्गाच्या खोलीचा नंबर ए113. पिक्सार स्टुडिओच्या चित्रपटांत हा नंबर कुठे ना कुठे लपलेला असतो हे अनेकांना माहीत असेल. तो पडद्यावर पहिल्यांदा आणला बर्डने, एका गाडीच्या नंबरप्लेटवर.

मग डिस्नेत नोकरी लागली, ‘द फॉक्स अँड द हाउंड’वर काम मिळालं. स्वप्न पुरं झालं म्हणावं, तर ज्यांच्याकडून शिकायचं ते म्हातारे एकेक करून निवृत्त झालेले. स्टुडिओचं काम उताराला लागलं होतं. बर्ड ते उघडपणे बोलत राहिला आणि त्याला काढून टाकलं. अकराव्या वर्षापासून ज्या दारावर डोळा होता त्याच दारातून.

पुढचा भाग रात्री लिहितो.

सांजवेळ

खूप छान. लवकर लिहा. एक शंका, ‘म्हातारे’ म्हणजे ते नऊजण का? नाइन ओल्ड मेन?

पेन्सिलटोक

हो, तेच. वॉल्ट डिस्नेचे नऊ मुख्य अ‍ॅनिमेटर. काल त्यातले एक. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन हे आणखी दोघे. बर्ड त्यांना कधी विसरला नाही. ‘आयर्न जायंट’मधले आगगाडीचे दोन म्हातारे ड्रायव्हर म्हणजे या जोडीची व्यंगचित्रं आहेत. ‘द इन्क्रेडिबल्स’च्या शेवटी गर्दीतले दोन म्हातारे जुन्या पद्धतीचं कौतुक करतात, दोन्हीकडे आवाजही खुद्द त्या दोघांचेच. थॉमस सप्टेंबर 2004 मध्ये वारले, चित्रपट नोव्हेंबरात लागला.

लाईटटेबल

धागा वाचून राहवलं नाही. मी पुण्यात कोर्स करून मुंबईत एका स्टुडिओत सहा वर्षं काढली. परदेशी मालिकांचं काम यायचं. आधी इन-बिटवीन, मग क्लीन-अप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीची महत्त्वाची चित्रं काढतो, ती ‘की’. दोन ‘की’च्या मधली चित्रं भरायची ते इन-बिटवीन. कच्च्या रेघा स्वच्छ करून काढायच्या ते क्लीन-अप. खालून दिवा लावलेल्या काचेवर कागद पेगबारच्या खुंट्यांत अडकवायचे आणि डाव्या हाताच्या बोटांत चार-पाच कागद धरून सटासट उलटत राहायचं, हालचाल दिसते का पाहायला. माझ्या बोटांच्या बेचक्यांत घट्टे पडले होते.

आमच्याकडे दिवसाला किती चित्रं झाली एवढंच विचारलं जायचं. चुकलेला कागद लाल फुली मारून परत यायचा. काय चुकलं ते कोणी सांगायचं नाही. एकदा हात खाली येतानाचं एकच चित्र मी अकरा वेळा काढलं. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या एका वयस्क गृहस्थांनी दाखवलं : “अरे, हात सरळ रेषेत येत नाही, कमानीत येतो. खांद्यापासून बघ.” दोन मिनिटांचं काम. ते कालसाहेबांचं वाचलं आणि हे आठवलं. ‘याच्याऐवजी हे करून पाहा’ म्हणणारा माणूस चौदाव्या वर्षी मिळणं फार मोठी गोष्ट आहे.

पेन्सिलटोक

लाईटटेबल, तुमच्या प्रतिसादावर वेगळा धागा व्हायला हवा. खरंच लिहा.

पुढचं. डिस्ने सुटल्यावर बर्डने विल आयस्नरच्या ‘द स्पिरिट’ या कॉमिकवर अ‍ॅनिमेशनपट करायचा प्रयत्न केला. मोठ्यांसाठीचा, गुन्हेगारी कथेचा. पैसे लावायला कोणी तयार होईना. मग 1987 मध्ये स्पीलबर्गच्या ‘अमेझिंग स्टोरीज’ मालिकेत ‘फॅमिली डॉग’ हा भाग केला. कुत्र्याच्या नजरेतून एका कुटुंबाची गोष्ट. मघाची ती नंबरप्लेट याच भागात आहे. तिथून तो ‘द सिम्पसन्स’वर सल्लागार म्हणून गेला आणि बरीच वर्षं राहिला. टीव्हीचं अ‍ॅनिमेशन तोवर बहुधा सपाट असायचं, पात्रं समोर उभी राहून बोलायची. सिम्पसन्समध्ये कॅमेरा खालून बघतो, खोलीत शिरतो, खऱ्या सिनेमासारखं दृश्य कापतो, त्यात बर्डचा मोठा वाटा आहे. क्रस्टी विदूषकाला अटक होते तो भाग त्याने स्वतः दिग्दर्शित केलाय.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते.

बर्ड तेव्हा टर्नरच्या कंपनीत होता. 1996 मध्ये ती वॉर्नरमध्ये विलीन झाली आणि त्याचा तिथला प्रकल्प बारगळला. वॉर्नरकडे जे विषय पडून होते त्यांतून त्याने टेड ह्यूज या इंग्रज कवीचं 1968 मधलं ‘द आयर्न मॅन’ हे पुस्तक उचललं. त्यातून झाला ‘द आयर्न जायंट’. ह्यूजने ही गोष्ट आपल्या मुलांसाठी रचली होती. त्यांची आई सिल्व्हिया प्लाथ 1963 मध्ये गेली, त्यानंतर. आणि बर्डच्या घरातही घाव होता. हा चित्रपट हाती यायच्या काही वर्षं आधी त्याच्या बहिणीचा तिच्या नवऱ्याने गोळी घालून खून केला होता. स्टुडिओपुढे बर्डने प्रश्न ठेवला तो असा : बंदुकीला जीव असता आणि तिला बंदूक व्हायचंच नसतं तर?

अख्खा चित्रपट एवढ्यावर उभा आहे. काळ ऑक्टोबर 1957, मेन राज्यातलं रॉकवेल नावाचं काल्पनिक गाव. रशियाचा स्पुटनिक उपग्रह नुकताच वर गेलाय, सगळे आभाळाकडे भीतीने बघताहेत. (स्पुटनिक सुटला 4 ऑक्टोबरला. बर्ड तेव्हा दहा दिवसांचा होता.) आकाशातून एक प्रचंड लोखंडी यंत्रमानव पडतो, डोक्याला मार बसून आपण कोण हे विसरतो, आणि होगार्थ नावाच्या पोराला सापडतो.

हरणाचं दृश्य परत बघा. जंगलात हरीण समोर येतं. जायंट बोट पुढे करतो, हरीण हुंगतं, निघून जातं. मग गोळीचा आवाज. जायंट मेलेल्या हरणाला बोटाने हलवून पाहतो, ऊठ म्हटल्यासारखं. शिकाऱ्यांची टाकून दिलेली बंदूक बघतो आणि त्याचे डोळे लाल होतात. त्याला अजून माहीत नाही की तो स्वतःच एक शस्त्र आहे. चेहऱ्यावर आहे काय? दोन गोल दिवे, झाकणासारख्या पापण्या आणि एक जबडा. एवढ्यावर दुःख, कुतूहल, शरम सगळं दिसतं.

जायंट कॉम्प्युटरवर केलाय, बाकी सगळं हाताने. लोखंडी आकार प्रत्येक चित्रात तंतोतंत तसाच ठेवणं हाताला जड जातं. पण कॉम्प्युटरची रेघ फार सरळ, ती हाताच्या चित्रांत उपरी दिसायची. म्हणून रेघ किंचित थरथरावी असा प्रोग्राम मुद्दाम लिहिला. यंत्राच्या रेघेत माणसाचा हात आणायची ही धडपड मला फार भावते.

6 ऑगस्ट 1999 ला चित्रपट लागला. स्टुडिओचा आधीचा अ‍ॅनिमेशनपट पडला होता, त्यामुळे जाहिरात उशिरा आणि अपुरी झाली. त्याच दिवशी ‘द सिक्स्थ सेन्स’ही लागला. अमेरिकेत 2 कोटी 30 लाख डॉलर जमले, खर्चाच्या निम्मेही नाहीत. अ‍ॅनिमेशन क्षेत्राचे नऊ अ‍ॅनी पुरस्कार मिळाले, पण थिएटरं रिकामी. लोकांनी तो शोधून काढला तो पुढे टीव्हीवर आणि डीव्हीडीवर. ह्यूज तर 1998 मध्येच गेला होता, त्याला पूर्ण झालेला चित्रपट पाहता आलाच नाही.

रेवाकाठ

बहिणीचं वाचून अंगावर काटा आला. माझी लेक सात वर्षांची आहे. तिला दाखवू का? हरणाचं दृश्य झेपेल का तिला?

तिसरी_घंटा

@रेवाकाठ, दाखवा, फक्त शेजारी बसा. हरीण मेल्यावर रात्री होगार्थ जायंटशी मरणाबद्दल बोलतो. मुलांशी या विषयावर इतकं सरळ बोलणारं दृश्य मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही. तो भाग चालू असताना मध्ये बोलू नका.

मी हौशी नाटकवाला. आमच्याकडे नवीन मुलं आली की त्यांचे हात फार हलतात. मी त्यांना शेवटचा भाग दाखवतो. जायंट क्षेपणास्त्राकडे झेपावतो, डोळे मिटतो आणि एक शब्द बोलतो : “सुपरमॅन”. डोळे मिटणं आणि एक शब्द, बस्स. आवाज व्हिन डिझेलचा आहे. सबंध चित्रपटात त्याच्या वाट्याला शब्द मोजकेच, पण एकही वाया गेलेला नाही.

उलटतपासणी

लेख उत्तम, पण सगळं गोड गोड नको म्हणून एक मुद्दा मांडते. ‘द इन्क्रेडिबल्स’, म्हणजे अचाट शक्ती असलेल्या कुटुंबाची गोष्ट, मला खटकतो. त्यातला मुलगा डॅश आईला म्हणतो की सगळेच खास असतील तर कोणीच खास नाही. खलनायकही जवळपास तेच म्हणतो. चित्रपटाचा सूर असा लागतो की काही माणसं जन्मतःच मोठी, बाकीच्यांनी त्यांच्या वाटेत येऊ नये. ज्याला जन्माने शक्ती मिळाली नाही आणि ज्याने डोकं चालवून यंत्रं बनवली, तो नेमका खलनायक. मी शिक्षिका आहे. वर्गात चाळीस मुलं असतात. हे वाक्य मला टोचतं.

पेन्सिलटोक

@उलटतपासणी, मुद्दा वजनदार आहे आणि अमेरिकेतही यावर वाद झालेत. बर्डला स्वतःला हा अर्थ मान्य नाही. माझं मत सांगतो. डॅश चिडून बोलतो, कारण त्याला शाळेत धावू देत नाहीत. खलनायक सूडाने बोलतो. चित्रपट या दोघांची बाजू घेतो का, हे पाहायला डॅशच्या बापाकडे, बॉबकडे बघावं लागतं. त्याचं पालुपद आहे, मी एकटा काम करतो. त्यापायीच तो लहानग्या चाहत्याला (पुढे हाच खलनायक होतो) झिडकारतो, बायकोशी खोटं बोलतो आणि पकडला जातो. सुटतो तो कुटुंबामुळे. तरीही यंत्रं बनवणाऱ्या मुलाला दुसरी वाट मिळायला हवी होती, हे तुमचं म्हणणं मला पटतं. त्याला मी उत्तर देऊ शकत नाही.

मला त्या चित्रपटातलं सगळ्यात प्रिय दृश्य मारामारीचं नाही. बॉब विमा कंपनीतून दमून येतो. एवढ्याशा गाडीत कोंबलेलं ते धूड बाहेर पडतं, पाय घसरतो, तोल सावरायला टप धरतो तर पत्र्यात बोटं रुततात. दार लावतो तर काच फुटते. संतापून अख्खी गाडी डोक्यावर उचलतो, आणि समोर तीनचाकीवर बसलेलं एक पोर च्युइंगगमचा फुगा फुगवून त्याच्याकडे बघत असतं. चाळिशीतल्या नोकरदाराची घुसमट मिनिटभरात आली. हे पोरांचं कार्टून कसं म्हणायचं?

हा विषय बर्डने आधी हाताने काढायच्या चित्रपटासाठी योजला होता. लॅसेटरने पिक्सारमध्ये बोलावलं. तिथे बाहेरून आलेला पहिला दिग्दर्शक हाच. अडचण अशी की पिक्सारने तोवर खेळणी, किडे, राक्षस आणि मासे केले होते. सगळी पात्रं माणसंच, तीही कपडे आणि केसांसकट, हे कॉम्प्युटरला तेव्हा फार कठीण होतं. बॉबच्या मुलीचे, व्हायोलेटचे चेहऱ्यावर येणारे लांब केस तर शेवटपर्यंत डोकेदुखी. बर्डने स्टुडिओतली नाराज मंडळी मागून घेतली, ज्यांच्या डोक्यात वेगळ्या वाटा होत्या पण ज्यांचं कोणी ऐकत नव्हतं. त्यांच्याकडून काम करून घेतलं. 2004 च्या या चित्रपटाला दोन ऑस्कर मिळाले.

आणि एडना मोड! ती बुटकी, गोल चष्म्याची फॅशन डिझायनर. तिचा आवाज बर्डचाच. लिली टॉमलिन या अभिनेत्रीला विचारायला गेला होता. तिने त्याचा नमुन्याचा आवाज ऐकला आणि म्हणाली, तुम्हीच करा.

भरीतभाकरी

स्वयंपाकी उंदराचा, रेमीचा ‘रॅटाटूई’ राहिला की! माझा खाण्याचा ब्लॉग त्या चित्रपटामुळे सुरू झाला.

शेवटी वाढतात ती पाककृती मी घरी केली. वांगं, झुकिनी आणि टोमॅटो यांच्या रुपयाएवढ्या पातळ चकत्या, खाली ढोबळी मिरचीचा शिजवलेला गर, वर चकत्या एकावर एक सरकवून गोलाकार लावायच्या, मंद आचेवर झाकून भाजायच्या. थॉमस केलर या शेफने चित्रपटासाठी सल्ला दिला होता, ही मांडणी त्याची. मला चकत्या कापायलाच पाऊण तास लागला. आपलं भरताचं वांगं बियाळ असतं, ते घेऊ नका. लांबट वांगी घ्या.

पण खरी गोष्ट त्या समीक्षकाची, अँटन एगोची. त्याची खोली शवपेटीच्या आकाराची आहे, टाइपरायटर कवटीसारखा. पहिला घास तोंडात जातो, डोळे विस्फारतात, आणि तो लहान होऊन आईच्या दारात उभा असतो. हातातलं पेन खाली पडतं. ते पेन पडतं तिथे मी दर वेळी रडते. मला आजीच्या चुलीतल्या भरताचा वास येतो.

पेन्सिलटोक

@भरीतभाकरी, आता लांबट वांगी आणावी लागणार!

हा चित्रपट मुळात यान पिंकावा या दिग्दर्शकाचा. कल्पना त्याची, बरीच वर्षं काम चालू होतं, पण गोष्ट जमेना. 2005 मध्ये बर्डला मदतीला आणलं आणि 2007 मध्ये लागायचा होता. बर्डने उंदीर पुन्हा चार पायांवर आणले. त्यामुळे रेमी दोन पायांवर चालतो तेव्हा त्याला अर्थ येतो : पुढचे पंजे स्वयंपाकासाठी स्वच्छ राहावेत म्हणून. शेफ गुस्तो जिवंत होता, त्याला मारून टाकलं आणि रेमीच्या मनातला आवाज केलं. कोलेट या स्वयंपाकिणीचं काम वाढवलं. कचऱ्याच्या दृश्यासाठी पंधरा प्रकारची फळं-भाज्या खरोखर कुजवून त्यांचे फोटो काढले. बर्डला याचाही ऑस्कर मिळाला. पण दुसऱ्याच्या रोपाला आलेलं हे झाड आहे, पिंकावाचं नाव घेतल्याशिवाय त्यावर बोलू नये.

बोरीबंदर

आमच्यासारख्यांसाठी बर्ड म्हणजे 2011 चा ‘मिशन : इम्पॉसिबल – घोस्ट प्रोटोकॉल’. खऱ्या माणसांचा त्याचा पहिला चित्रपट. बुर्ज खलिफावर टॉम क्रूझ लटकतो तो भाग मी आयमॅक्सला पाहिला आणि पोटात गोळा आला. शेवटचा भाग मुंबईत घडतो, अनिल कपूर आहे. पण बरंचसं शूटिंग कॅनडात व्हँकूवरला, आणि मुंबई म्हणून दाखवलेली एक कचेरी बंगळुरूची. मुंबईकर म्हणून वाईट वाटलं. आपली गर्दी, आपला उजेड बर्डसारख्याच्या डोळ्यांनी बघायला हवा होता.

लाईटटेबल

@बोरीबंदर, बुर्जच्या दृश्यात एक हातमोजा निळा दिवा दाखवत असतो आणि मग तो लाल होतो. निळा चिकटलेला, लाल संपलेला. संवाद बंद केला तरी धोका कळतो. हे अ‍ॅनिमेटरचं डोकं. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं : आवाज बंद करून बघ, कळतंय का.

पेन्सिलटोक

उरलेलं थोडक्यात. 2015 चा ‘टुमॉरोलँड’ पडला. त्यासाठी बर्डने नव्या ‘स्टार वॉर्स’चं आमंत्रण नाकारलं होतं. मला तो अर्धा आवडतो. 2018 मध्ये, चौदा वर्षांनी, ‘इन्क्रेडिबल्स 2’ आला आणि जगभरात 124 कोटी डॉलर मिळवले. यात घराबाहेर पडते ती बॉबची बायको हेलन, आणि बॉब घरी गणिताचा गृहपाठ घेतो. @उलटतपासणी, हा पाहून तुमचं मत कळवा.

टर्नरकडे बारगळलेला प्रकल्प म्हणालो ना, तो ‘रे गन’. एका गुप्तहेराची गोष्ट. 1990 च्या दशकापासून त्याच्या मनात होती. 2022 मध्ये स्कायडान्स अ‍ॅनिमेशनने ती हाती घेतल्याचं जाहीर केलं. पंचवीस वर्षांहून जास्त काळ एक गोष्ट उराशी धरून बसलेल्या माणसाचा चित्रपट मी पहिल्याच दिवशी बघणार.

उलटतपासणी

@पेन्सिलटोक, दुसरा भाग पाहिलाय. गृहपाठाचं दृश्य आमच्या शिक्षकखोलीत सगळ्यांचं लाडकं आहे. मुद्दा मात्र सोडत नाही :)

रेवाकाठ

काल लेकीला ‘आयर्न जायंट’ दाखवला. हरणाच्या वेळी माझा हात घट्ट धरून बसली. होगार्थ रात्री बोलतो तेव्हा मी तिसरी_घंटा यांचं ऐकलं, मध्ये बोलले नाही. “सुपरमॅन” म्हटल्यावर उशीत तोंड खुपसलं. मग तो बर्फात जायंटचे तुकडे जमा होण्याचा भाग आला तर उठून उभीच राहिली, “तो येतोय, तो येतोय!” म्हणून घरभर धावली.

आज सकाळी गणिताच्या वहीच्या कोपऱ्यांत चित्रं काढत बसलीये. चेंडू उडवायचाय म्हणते. पानं उलटली की चेंडू नुसताच इकडून तिकडे जातो, उडत नाही अशी तक्रार आहे. मला काही येत नाही. सांगाल का?

पेन्सिलटोक

अहो, यासारखा आनंद नाही. गणिताची वही सोडवा आणि जाड कागदाची छोटी वही द्या, पातळ पान उलटताना मुडपतं. चित्रं शेवटच्या पानापासून पुढे काढत यायचं, म्हणजे खालचं चित्र पुसट दिसतं आणि त्यावर बेतता येतं.

चेंडू उडत नाही, कारण ती सगळीकडे सारखं अंतर सोडत असणार. तिला सांगा, वर पोचल्यावर चेंडू रेंगाळतो, तिथे चित्रं जवळजवळ काढ. खाली येताना वेग येतो, तिथे लांब लांब काढ. जमिनीला टेकला त्या एकाच पानावर चेंडू चपटा काढ, भाकरीसारखा. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पानावर थोडा लांबट. बस्स, एवढंच.

जमलं की तिच्या वहीचा व्हिडिओ इथे टाका. नाही जमलं तरी टाका, कुठलं पान अडतंय ते लाईटटेबल आणि मी मिळून सांगतो.